आरसी बुकात न मावणारी गाडी

घराच्या मांगरात जुनी जिप्सी नाहीतर पद्मिनी पार उघडावी आणि चेसिसपासून पुन्हा मनासारखी उभी करावी, हे योग्य का? आणि उभी केलीच, तर तिचे पासिंग होऊन ती रस्त्यावर यावी का? हा प्रश्न गोव्यात विचारायला अर्थ आहे. मुंबई-पुण्याच्या सोसायटीत गाडी लावायलाच जागा मिळत नाही, मग वर्षभर उघडून ठेवायची गोष्ट दूरच. पेडण्यात आणि डिचोलीत अजून अंगण आहे, अंगणाच्या कडेला मांगर आहे, आणि गाड्याही आहेत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यातील 45 टक्क्यांहून थोड्या अधिक कुटुंबांकडे चारचाकी आढळली, आणि हे प्रमाण देशात सर्वांत जास्त होते. म्हणून या वादाच्या दोन बाजू इथल्याच दोघांच्या तोंडी देतो. एकाला पेडणेकर म्हणू: तिशीतला, नोकरीवाला, सुट्टीच्या दिवशी हात काळे करणारा. दुसऱ्याला डिचोलकर म्हणू: खनिजाच्या ट्रकांखाली पाठीवर पडून ज्याचा जन्म गेला असा मेस्त. माणसे कल्पित आहेत, त्यांची मते मात्र खरी आहेत. मी स्वतः या वादात तटस्थ नाही. मला ही गाडी रस्त्यावर आलेली हवी आहे, पण डिचोलकरांच्या अटीवर.

पेडणेकर म्हणतो, "मेस्त, आज नव्या गाडीचं बॉनेट उघडलं की काय दिसतं? प्लास्टिकचं झाकण. काही बिघडलं की शोरूममध्ये लॅपटॉप जोडतात आणि सांगतात, अख्खं युनिट बदला. आपण हप्ते भरतो, पण आपली गाडी आपल्याला ओळखता येत नाही. ज्यानं एकदा स्वतः हेड उघडलं, व्हॉल्व्ह घासून बसवले, तो नुसत्या आवाजावरून सांगतो कुठे काय सैल झालंय. ही समज पुस्तकातून येत नाही. आणि पंधरा वर्षं झाली म्हणून चांगली गाडी भंगारात का घालायची? इंजिन बोअर करून घेतलं, पत्रा कापून नवा लावला, की ती आणखी वीस वर्षं चालेल. मग तिची उंची थोडी वाढवली, जास्त ताकदीचं इंजिन बसवलं, मागचं छप्पर काढलं, तर कोणाचं काय जातं? घर मी माझ्या सोयीनं बांधतो, तशीच गाडीही."

त्याच्या बोलण्याला गोव्याच्या इतिहासाचा आधार आहे. स्वातंत्र्यानंतर भारतात परदेशी गाड्यांची आयात आवळत गेली, त्याच काळात सीमेपलीकडे पोर्तुगीज गोव्यात खनिजाच्या पैशावर मर्सिडीज, ओपेल, फोक्सवॅगन येत होत्या. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला आणि भारताच्या आयात-नियमांखाली आला. गाड्या जागच्या जागी राहिल्या, सुटे भाग मात्र यायचे थांबले. पुढे कित्येक वर्षे गोव्याच्या रस्त्यांवर जुन्या मर्सिडीज टॅक्सी म्हणून धावत राहिल्या, त्या इथल्या लेथवर कातलेल्या बुशांच्या आणि दुसऱ्याच गाडीच्या जुळवून बसवलेल्या भागांच्या जोरावर. आज नुवेला अश्वेक व्हिंटेज वर्ल्डमध्ये जुन्या गाड्या बघायला पर्यटक जातात. अशा गाड्या टिकल्या त्यामागे त्या अनाम मेस्तांचे हात आहेत. थोडे वर, इचलकरंजीला शंकरराव कुलकर्णी यांनी तर गाडी दुरुस्त न करता मुळापासून नवीच बांधली. 'मीरा' नावाची ही छोटी, मागे इंजिन असलेली गाडी 1949 मध्ये दोन आसनांची म्हणून पहिल्यांदा उभी राहिली आणि 1970 च्या दशकापर्यंत ते तिची एकेक सुधारित आवृत्ती करत राहिले. ती कधी कारखान्यात गेली नाही. मारुती 800 पहिल्या गिऱ्हाइकाच्या हाती पडली ती डिसेंबर 1983 मध्ये. म्हणजे सामान्य माणसाच्या छोट्या गाडीची कल्पना एका मराठी कारागिराच्या हातात तीन दशके आधी तयार होती, आणि तिला सरकारी चौकटीत घर मिळाले नाही. हे नुकसान कोणाच्या खात्यावर मांडायचे, याचा विचार आपण फारसा केलेला नाही.

डिचोलकर हे सगळे ऐकून घेतो आणि म्हणतो, "बाबा रे, बंद पडलेली मर्सिडीज चालती ठेवणं वेगळं. तिची ताकद, तिचं वजन, तिचे ब्रेक जर्मनीत कोणीतरी हिशेब करून ठरवले होते. आम्ही तो हिशेब मोडला नाही, त्या मापात नवा भाग बसवला. तू म्हणतोस पद्मिनीत दुप्पट ताकदीचं इंजिन टाकतो. तिला चारी चाकांना ड्रम आहेत, आणि ते चाळीसेक हॉर्सपॉवरच्या गाडीसाठी केलेले आहेत. पळवशील, ते मला माहीत आहे. थांबवणार कशी, ते सांग. चोर्ला घाट उतरताना ड्रम तापले, लायनर गुळगुळीत झाले आणि पेडल खाली गेलं, की तू पुढच्या स्कूटरवाल्याला काय सांगणार? घर तुझं पडलं तर तुझ्यावर पडतं. गाडी दुसऱ्यावर जाते."

घराची उपमा इथे संपते, आणि ती संपवण्याचा अधिकार डिचोलकराचाच आहे. त्याच्या शंकेमागचे गणित शाळेतल्या पुस्तकातले आहे. धावत्या गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी 60 किलोमीटरवरून वेग 85 वर नेला तर तो दीडपटही होत नाही, पण ब्रेकने गिळायची ऊर्जा दुप्पट होते. ती सगळी उष्णता म्हणून ड्रममध्ये किंवा डिस्कमध्ये जाते. शिवाय जड इंजिन पुढे बसले की पुढच्या धुरीवरचा भार वाढतो. मग पुढचे पाटे किंवा स्प्रिंग, शॉकअब, स्टिअरिंग, टायर, सगळे एकाच साखळीत येतात. एक कडी बदलली की उरलेल्या बदलाव्या लागतात. घरी गाडी बांधणाऱ्यांची नजर बहुधा इंजिनावर खिळलेली असते, आणि पैसाही तिथेच संपतो. ब्रेक, मास्टर सिलिंडर, बूस्टर, स्टिअरिंगच्या दांड्याचे क्रॉस, या न दिसणाऱ्या गोष्टी 'मागाहून बघू' म्हणून राहतात. माझ्या मते गाडीची पारख या मागे राहिलेल्या यादीवरून करावी.

त्यात गोव्याची हवा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि मोरजी-हरमलच्या बाजूला समुद्राची खारट वाफ. बाहेरून पुट्टी-रंग मारून चकचकीत केलेल्या पत्र्याखाली चेसिसचा रेल आतून गंजून पातळ झालेला असू शकतो. त्यावर साध्या आर्क वेल्डिंगने पट्टी मारली, तर टाक्याशेजारचा उष्णतेने बदललेला पट्टा कमजोर राहतो, आणि खड्ड्यांच्या माराने तडा बहुतेक वेळा टाक्याला लागूनच जातो. ब्रेक ऑईल हवेतले पाणी शोषते; पाणी मिसळलेले ऑईल कमी तापमानाला उकळते आणि घाटात नेमके तेव्हाच दगा देते. कोरड्या प्रदेशात जे दुर्लक्ष चार वर्षे खपेल, ते पेडण्यात दोन पावसाळ्यांत उघडे पडते. गाडी बांधू नये, असे यावरून ठरत नाही. ती बांधणाऱ्याला मेस्ताची विद्या आली पाहिजे, एवढे मात्र ठरते. आणि ती आली आहे की नाही, हे दुसऱ्या कोणीतरी तपासायला हवे.

"पण मेस्त, तपासतंय कोण?" पेडणेकर विचारतो. "मी ब्रेक मोठे केले, पुढे डिस्क बसवल्या, वेल्डिंग चांगल्या माणसाकडून करून घेतलं. आरटीओत नेली की साहेब ब्रेक बघतच नाहीत. आरसी बुक बघतात. इंजिन नंबर जुळत नाही, छप्पर जुळत नाही, संपलं. चांगलं बांधलेलं आणि वाईट बांधलेलं, दोन्हींना एकच उत्तर." डिचोलकर यावर म्हणतो, "कायदा तसा आहे म्हणून ते तसं करतात. त्यांना दोष देऊ नकोस."

कायदा तसाच आहे. मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 52 सांगते की उत्पादकाने मुळात ठरवलेल्या आणि नोंदणीपत्रात आलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा फेरफार मालकाने करू नये. फेरफार म्हणजे काय, तेही तिथेच आहे: वाहनाचे मूलभूत स्वरूप बदलेल असा रचनेतील बदल. 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ नुसार, परवानगी नसलेले भाग बसवून गाडी बदलणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. दुसऱ्या बाजूला जुनी गाडी जपणाऱ्यांसाठी दार उघडले आहे. जुलै 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेची वेगळी पाटी दिली. नोंदणीचे शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षे. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. म्हणजे जपणुकीला मान्यता आहे, नवनिर्मितीला नाही. एक फट मात्र कायद्याने स्वतःच ठेवली आहे. सीएनजी किंवा बॅटरीवर गाडी बदलायची तर प्रमाणित किट बसवून, नोंद करून ती बदलता येते. अपंग व्यक्तीच्या सोयीसाठी बदललेल्या वाहनालाही कायदा ओळखतो. यातून निघते ते एवढेच की मूळ कागदाशी न जुळणारी गाडी रस्त्यावर चालू शकते, हे तत्त्व सरकारला मान्य आहे. प्रश्न उरतो तो कोणाच्या तपासणीवर विश्वास ठेवायचा, याचा.

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण सांगली जिल्ह्यातले आहे. कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे म्हणून गाव आहे, यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तिथले दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या भागांतून छोटी जीपसारखी गाडी बनवली, मोटारसायकलसारखी किक मारून चालू होणारी. डिसेंबर 2021 मध्ये तिची चित्रफीत देशभर पाहिली गेली. आनंद महिंद्रा यांनी कौतुक केले, त्याच वेळी ही गाडी नियमांत बसत नाही आणि प्रशासन ती कधीतरी थांबवेल हेही सांगितले, आणि बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022 मध्ये बोलेरो त्या कुटुंबाच्या दारात आली. या शेवटात सगळेच सुखी झाले, आणि उद्योगपतीच्या मनाचा मोठेपणा खराच आहे. तरी मला त्यात एक उणीव दिसते. त्या गाडीचे ब्रेक कसे होते, स्टिअरिंग कसे होते, थोडे बदल करून ती ताशी चाळीस किलोमीटरच्या मर्यादेत गावच्या रस्त्यावर चालण्याजोगी झाली असती का, हे तपासून लेखी उत्तर देणारी एकही व्यवस्था कारागिराला जवळ नव्हती. त्याच्या हाती बक्षीस आले. परीक्षा द्यायची संधी आली नाही.

परीक्षा घेणाऱ्या संस्था नाहीत असे मात्र नाही. पुण्यात एआरएआय आहे, सीआयआरटी आहे. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, व्हीआरडीई आहे. पण केंद्रीय नियम 126 खाली त्या कंपनीच्या नमुना-गाडीची चाचणी घेतात, पुढे हजारोंनी तीच गाडी निघणार म्हणून. एकच गाडी बांधणाऱ्याला हा रस्ता परवडत नाही आणि तो त्याच्यासाठी आखलेलाही नाही. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या गाडीसाठी एकेका गाडीची स्वतंत्र मान्यता-चाचणी आहे. हौशी माणसाने स्वतःच्या वापरासाठी ती बांधली, याचा पुरावा म्हणून बांधकामाची छायाचित्रे मागतात, आणि मग ब्रेक, दिवे, आवाज, धूर, टोकदार कडा, सगळे तपासतात. जर्मनीतही एकट्या गाडीला तज्ज्ञाच्या अहवालावर मान्यता मिळते. ब्रिटनमध्ये बदललेल्या गाडीचा जुना नंबर टिकावा की नाही, हे ठरवायला अनेक वर्षे गुणांचा हिशेब वापरला गेला. त्यात चेसिसला पाच गुण होते, स्टिअरिंगला दोन, धुऱ्यांना दोन, आणि ज्या इंजिनावर हौशी माणूस सगळा पैसा ओततो त्याला फक्त एक. डिचोलीच्या मेस्ताला विचारले असते तरी त्याने गुण जवळपास असेच वाटले असते.

डिचोलकर मान हलवतो, पण पटलेले नाही. "त्यांच्या देशात तपासणारा तपासतो. इथे एकदा वाट उघडली, की कर्कश सायलेन्सर, डोळे दिपवणारे दिवे, पुढे लोखंडी गार्ड लावलेले सगळे त्याच वाटेने आत घुसतील. शिक्का मारून देणारा कोणीतरी निघेलच." हा आक्षेप या सगळ्या वादात वजनदार आहे, आणि तो उडवून लावणाऱ्यांशी माझे जमत नाही. पण सायलेन्सर फोडणारा आज कुठल्याही मान्यतेची वाट बघत नाही. तो विकत घेतो, लावतो आणि फिरतो. तपासणीची वाट नाही म्हणून अडतो तो वर्षभर खपून, बिले जपून, प्रामाणिकपणे गाडी बांधणारा. शिक्क्याच्या धंद्यावर उपायही नवा शोधायचा नाही. तपासणाऱ्या अभियंत्याचे नाव आणि सही नोंदणीपत्रावर येऊ द्या, अपघातात दोष बांधणीचा निघाला तर त्याला जाब द्यावा लागू द्या, आणि वाट हौशी माणसापुरती ठेवा: माणशी एक गाडी, काही वर्षे विक्री नाही, भाड्याने देणे कधीच नाही. किनाऱ्यावर पर्यटकांना भाड्याने द्यायच्या जीपा या वाटेने येता कामा नयेत, याबद्दल मी डिचोलकराइतकाच कडक आहे. धुराचेही तसेच: गाडी जुनी असली तरी बसवलेले इंजिन ज्या वर्षाचे, त्या वर्षाची मर्यादा तिला लावावी. मग चाळीस वर्षांच्या पद्मिनीतले दहा वर्षांपूर्वीचे इंजिन हवा पूर्वीपेक्षा कमीच खराब करील.

आणखी एक गोष्ट डिचोलकर स्वतःबद्दल बोलत नाही, म्हणून ती मी बोलतो. डिचोली हा खाणींचा तालुका. सप्टेंबर-ऑक्टोबर 2012 मध्ये खाणी थांबल्या, 2014 मध्ये मर्यादेसह परवानगी मिळाली, 16 मार्च 2018 पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा सगळे ठप्प झाले, आणि डिचोलीची खाण परत सुरू झाली ती 2024 मध्ये. इतकी वर्षे टिपर दारात उभे राहून गंजले हे सगळ्यांनी पाहिले. टिपरांबरोबर त्यांच्यावर जगणाऱ्या गॅरेजांतली विद्याही पडून राहिली. भरलेल्या ट्रकचा चेसिस कुठे तडकतो, पाट्यांचा जुडगा किती भाराला किती बसतो, तापलेल्या ड्रमचा वास कसा असतो, हे लाल धुळीत तीस वर्षे काढलेल्या माणसाला जसे कळते तसे दुसऱ्याला कळणार नाही. तिकडे पेडण्यात जानेवारी 2023 पासून मोपाचा विमानतळ सुरू झाला. मुलांना कामे मिळतात ती बहुतेक चालवण्याची, वाहण्याची, राखण्याची. बांधण्याची कामे कमी. पेडणेकराचा मांगर आणि डिचोलकराचे हात एकत्र आले, तर ही विद्या पुढच्या पिढीकडे जाते. म्हणूनच मी या छंदाला नुसता छंद म्हणायला तयार नाही.

सरकारने करायचे ते फार मोठे नाही. कलम 52 मध्येच परंतुक आहे, की केंद्र सरकार विशिष्ट कारणासाठी वेगळ्या प्रकारच्या फेरफाराला सूट देऊ शकते. घरी बांधलेल्या एकट्या गाडीची तपासणी हे असे एक कारण ठरवावे. पेडणे आणि डिचोली, दोन्हीकडे सरकारी आयटीआय आहेत. एखाद्या आयटीआयत खड्डा, जॅक आणि ब्रेक मोजायचे यंत्र असलेली एक खोली करावी आणि महिन्यातून दोन दिवस तपासणीला ठेवावी. गोव्यासारख्या छोट्या राज्यात हा प्रयोग करणे सोपे आहे, फसला तर बंद करणेही सोपे आहे.

शेवटी पेडणेकराला, म्हणजे आत्ता मांगरात गाडी उघडून बसलेल्या प्रत्येकाला, मेस्ताच्या वतीने सांगायचे ते असे. नियम बदलेपर्यंत फेरफार केलेली गाडी रस्त्यावर काढू नका. दंड भरता येतो, पण न कळवलेल्या बदलासाठी विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि समोरच्या जखमी माणसाची भरपाई तुमच्या घरावर येऊ शकते. गाडी मूळ रूपात उभी करायची असेल तर आजच करा. पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीचे शुल्क एप्रिल 2022 मध्ये पाच हजार झाले होते; आजचे शुल्क विचारून तेही धरून चाला. आणि फेरफार करायचाच असेल तर कामाचा क्रम उलटा लावा: आधी चेसिस खरवडून गंज पहा, मग ब्रेक, मग स्टिअरिंग, आणि इंजिन सगळ्यांत शेवटी. प्रत्येक टाक्याचा, प्रत्येक बिलाचा फोटो तारखेसह ठेवा. उद्या तपासणीची खोली उघडली, तर मेस्त पहिल्यांदा तीच वही मागेल.